गाडीच्या बुशला वंगण कोणतं?

टायरमधल्या हवेबद्दल आम्ही बोललो, तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. गतिरोधकावरून गाडी गेली की खालून करकर आवाज येतो, जुन्या लाकडी पलंगासारखा. त्यावर थोडं ऑइल सोडलं तर चालेल का? विचारणाऱ्या बहुतेक जणी आमच्यासारख्याच, कुणाची शाळेची व्हॅन, कुणाचा भाजीचा धंदा. गाडी दोन दिवस उभी राहिली तर हप्ता कसा भरायचा, ही काळजी आवाजापेक्षा मोठी. म्हणून आजचा सगळा वेळ या प्रश्नाला.

उत्तर आधीच सांगून टाकतो. ऑइल सोडू नका.

चाकाला धरून ठेवणारे जे लोखंडी हात असतात, ज्यांना मेकॅनिक लोअर आर्म म्हणतात, ते गाडीच्या सांगाड्याला थेट जोडलेले नसतात. मधे रबराचा जाड गोल तुकडा असतो, तो बुश. खड्ड्याचा दणका तो सोसतो, म्हणून आपल्या कंबरेला कमी बसतो. बोलेरोसारख्या गाडीला मागे कमानपाटे असतात, त्यांच्या टोकाच्या गोल डोळ्यातही बुश असतो. पुढचा बुश गेला की ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतो. मागे मुलं बसलेली असताना ब्रेकला गाडी ओढली तर काय होईल, ते सांगायला नको.

आता ऑइल का नको? नैसर्गिक रबर आणि खनिज तेल यांची जात जवळची. त्यामुळे रबर ते तेल पितं, रात्री भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं आणि मऊ पडतं. खात्री करायची असेल तर साधे दोन रबरबँड घ्या. एक वाटीभर इंजिन ऑइलमध्ये टाका, दुसरा कोरडा ठेवा. चार-पाच दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवून ओढून बघा. तेलातला सुजलेला दिसेल आणि लवकर तुटेल. बुशचंही तेच होतं, फक्त ते गाडीखाली असल्यामुळे दिसत नाही. आवाज मात्र लगेच थांबतो आणि आपल्याला वाटतं, इलाज झाला.

मग इंजिनमधली ऑइल सील कायम तेलात बुडून कशी टिकते, असं कुणीतरी विचारणारच. ते रबर वेगळं असतं, नायट्राइल नावाचं, तेलासाठीच बनवलेलं.

डिझेल, जळकं ऑइल, गंज सुटायला मारतात तो स्प्रे, व्हॅसलीन, नेहमीचा पिवळा ग्रीस, हे सगळं खनिज तेलाच्याच घरचं. डब्यावर लिथियम लिहिलं असलं तरी आत बहुधा खनिज तेलच असतं. घरातलं खोबरेलही नको. ते चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. ब्रेकच्या रबरी भागांना लावतात तो लाल रबर ग्रीस मात्र चालतो. तो एरंडेलापासून बनवतात आणि एरंडेल नैसर्गिक रबराला त्रास देत नाही.

पण सगळ्यात सोयीचा सिलिकॉन ग्रीस. रबर त्याला पीत नाही, पाण्याने तो लवकर धुऊन जात नाही, उन्हाळ्यात पातळ होऊन ओघळत नाही. स्प्रेच्या डब्यातही मिळतो, पण स्प्रे पातळ. आवाज कुठून येतो ते शोधायला ठीक, टिकायला जाड ग्रीस बरा. विकत घेताना एक सांभाळा. नुसतं "सिलिकॉन द्या" म्हटलं की हार्डवेअरवाला खिडकीच्या फटी भरायची ट्यूब हातात ठेवतो. ती वाळून घट्ट होते. "सिलिकॉन ग्रीस" असं पूर्ण नाव घ्या. आणि गाडी रंगवायला द्यायची असेल तर त्याआधी हा ग्रीस पत्र्याजवळ नेऊ नका, नव्या रंगात बारीक खड्डे पडतात.

एवढं सांगून आता उलटंच सांगतो. बऱ्याच बुशना काहीच लावायचं नसतं. लोअर आर्मच्या बुशमध्ये साधारणपणे रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला पक्कं चिकटवलेलं असतं. गाडी वर-खाली झाली की ते रबर आतल्या आत पिळलं जातं आणि परत येतं. घासायला तिथे काही नाहीच. बैलगाडीच्या कण्यावर चाक फिरायचं, घासायचं, म्हणून तिथे वंगण लागायचं. इथे घासतंय असं दिसलं तर रबर नळीपासून सुटलंय. त्यावर औषध नाही, बुश बदलायचा.

ग्रीस चालतो तो सुट्या रबराला. गाडी वळताना कलू नये म्हणून पुढे आडवी सळई असते, स्टॅबिलायझर बार. तिला धरणारं रबर बहुधा एका बाजूने चिरलेलं असतं. क्लॅम्प काढायचा, सळई आणि रबर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचं, आतून सिलिकॉनचा पातळ हात फिरवायचा. काही कंपन्या हेही कोरडंच बसवायला सांगतात. तसं असेल तर कंपनीचं ऐका. कुणी रंगीत, कडक पॉलियुरेथेनचे बुश बसवले असतील तर त्यांना वंगण लागतंच. त्यांच्याबरोबर ग्रीसची पुडी येते, ती फेकू नका. आणि जुन्या जीपला, टेम्पोला जिथे ग्रीस निपल दिसेल तिथे आत बुश धातूचा असतो. तिथे नेहमीचा पिवळा ग्रीसच योग्य, जुना काळा ग्रीस बाहेर येईपर्यंत गनने भरायचा.

आवाज नक्की कुठला, हे शोधायला साधं पाणी पुरतं. एकीने गाडीचा कोपरा दाबून हलवायचा, दुसरीने बाजूला बसून एकेका बुशवर पाणी मारायचं. ज्यावर पाणी पडताच आवाज थांबला, तोच गुन्हेगार. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. खाली स्टँड हवा, चाकाला दगड हवा. ग्रीसचा हात ब्रेकच्या डिस्कला लागू देऊ नका.

वॉशिंग सेंटरवर गाडी धुतली की खालून डिझेल नाहीतर जळक्या ऑइलचा फवारा मारायची पद्धत आहे. गंज लागू नये म्हणून मारतात, आणि सगळे बुश त्यात न्हाऊन निघतात. पैसे देण्याआधीच सांगा, "खालून ऑइल मारू नका." हसतील, हसू द्या.

आणि मेकॅनिककडे बुश बदलून घेतलात तर एक प्रश्न विचाराच. "बोल्ट शेवटचा आवळला तेव्हा चाकं जमिनीवर होती का?" गाडी वर टांगून, चाकं लोंबत असताना आवळला तर खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो. तो म्हणाला "काय फरक पडतो," तर तिथेच उभं राहून बोल्ट सैल करायला लावा, गाडी खाली उतरवून घ्या आणि पुन्हा आवळून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.