हिराकस शेतात, हिराकस समुद्रात

आदरणीय संमेलनाध्यक्ष, दोनापावलहून आलेले समुद्रशास्त्रज्ञ, कृषी विद्यापीठांतले अभ्यासक आणि पाण्याची पाळी दुसऱ्यावर सोपवून इथं आलेल्या माझ्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

सांगली जिल्ह्यात आपलं मनापासून स्वागत. पत्रिका वाटल्यापासून जो तो मला विचारतोय, पिकांच्या अन्नद्रव्यांचं ठीक आहे, पण समुद्र इकडं सह्याद्रीच्या अलीकडं कशाला आणला? प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला मला उसाचा खोडवाच बरा पडतो.

चुनखडीच्या काळ्या रानात खोडव्यावर केवडा पडतो. कोवळं पान हातात घेऊन बघा. शिरा हिरव्या, मधल्या पट्ट्या पिवळ्या. जास्तच झालं तर पान पांढरंफटक. नत्र कमी पडलं की आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात. इथं उलटं, कारण जुन्या पानातलं लोह नव्या पानाकडं सहसा सरकत नाही. हरितद्रव्याच्या गाभ्यात मॅग्नेशियम असतं, पण ते घडवायला लोह लागतं, आणि प्रकाशाची ऊर्जा पुढं पोचवणाऱ्या यंत्रणेत तर लोहाचे अणू जागोजागी बसलेले असतात. ऊन रग्गड, पाणी रग्गड, तरी पान उपाशी. गंमत म्हणजे रानात लोह भरपूर असतं. सामू आठच्या पुढं गेला की ते गंजासारखं घट्ट बसतं आणि मुळाला मिळत नाही. मग आपण हिराकस शेणखतात मुरवून देतो, नाहीतर फवारतो.

समुद्राच्या पाण्याचा सामूही आठच्या आसपास. पृथ्वीच्या कवचात वजनानं सुमारे 5 टक्के लोह, पण दक्षिण महासागरात वरच्या हजार लिटर पाण्यात विरघळलेलं लोह भरतं जेमतेम काही मायक्रोग्रॅम. तिथं नत्र आहे, स्फुरद आहे, तरी वनस्पती-प्लवक वाढत नाही. पृथ्वीवरचं जवळजवळ निम्मं प्रकाशसंश्लेषण हे प्लवक करतं, म्हणजे हा केवडा लहानसहान नव्हे. बरीच वर्षं तो कळलाच नाही, कारण जहाजच लोखंडाचं आणि त्याचा गंज नमुन्यात उतरायचा! कॅलिफोर्नियाच्या जॉन मार्टिन यांनी 1980 च्या दशकात नमुने काटेकोर स्वच्छतेनं घेतले, तेव्हा खरा आकडा दिसला. लोह टाकलं की प्लवक वाढेल, या त्यांच्या कल्पनेची पहिली समुद्रातली चाचणी 1993 च्या ऑक्टोबरात गॅलापागोसजवळ झाली. मार्टिन त्याच वर्षी, चाचणीआधी वारले होते. पाणी हिरवं झालं.

मग कुणाच्याही मनात येईल की समुद्रात लोह टाकून हवेतला कार्बन तळाशी पुरता येईल. 2009 मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मन शास्त्रज्ञांनी ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिण अटलांटिकात ‘लोहाफेक्स’ प्रयोग केला. सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात त्यांनी जे ओतलं ते फेरस सल्फेट, म्हणजे आपली हिराकसच. आपल्या खतांच्या दुकानातल्या पोत्याचा असा प्रवास ऐकून मला तर लई भारी वाटलं होतं. दोन आठवड्यांत प्लवक दुपटीनं वाढलं. पण त्या पाण्यात सिलिका कमी होती, आणि काचेचं कवच करणाऱ्या डायटमना तीच लागते. त्यामुळे वाढलं ते दुसरंच बारीक प्लवक, आणि कोपेपॉडसारख्या चिमुकल्या जीवांनी ते फस्त केलं. तळाशी कार्बन फारसा गेला नाही. एक कमतरता भरून काढली की दुसरी पुढं येते, हे रासायनिक खताच्या पोत्यावर पोती टाकणाऱ्या आम्हा बागायतदारांना कुणी वेगळं शिकवायला नको. तरी आम्ही टाकतोच.

म्हणून माझी तक्रारवजा विनंती एवढीच, की माती परीक्षण करणाऱ्यांनी आणि समुद्राचं पाणी मोजणाऱ्यांनी या दोन दिवसांत वेगवेगळ्या टेबलांवर जेवू नये.

उद्या सकाळी शिवारफेरी आहे. एक पट्टा मुद्दाम न फवारता ठेवलाय. रान ओलं आहे, पाहुण्यांनी बूट गाडीतच ठेवावेत. भडंग आणि चहा मागच्या मंडपात आहे. आता अध्यक्षांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करतो.