पंचवीस की बावन्न?

चाळीसगावजवळ पाटण इथं एक जुना शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. त्या मठाला १२०७ साली दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. गणिताचा असा वारसा सांगणाऱ्या आपल्या खान्देशात आज दुसरीतलं मूल ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहितं, तेव्हा घरात लगेच आवाज चढतो.

पण त्या मुलाचं असं होतं का? पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात. लिहिताना मात्र दोन आधी येतात. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे २९! ही अडचण ओळखून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असंही वाचन दिलं. त्यावर टीका झाली, थट्टाही झाली. अडचण मात्र खरी आहे.

घरी एक करा. झाडूच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधा. दोन जुड्या आणि पाच सुट्या म्हणजे पंचवीस. पाच जुड्या आणि दोन सुट्या म्हणजे बावन्न. फरक हातालाच कळतो. बाजारात भरताची वांगी घेताना पैसे मुलाला मोजू द्या. शाळा न शिकलेल्या आईलाही हे जमतं.

पाढे पाठ हवेतच. पण उत्तर चुकलं, तर रागावण्याआधी विचारा, ‘बाळा, कसं काढलंस?’ आणि पालकसभेत नुसते गुण विचारू नका. मूल कुठं अडतं, तेही गुरुजींना, बाईंना विचारा.