चट्टा पापाचा नव्हे, जंतूचा!

मालवण किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या, भात लावणाऱ्या आपल्या लोकांच्या अंगी फिकट चट्टा दिसला, की कोणी गतजन्मीचे पाप सांगून शांतीची दक्षिणा मागतो, कोणी देवाला कौल लावतो. आम्ही विचारतो, पापाला गोळी लागू पडते काय? महारोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली शोधला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्र उपचार सुचविला. तो सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. सहा किंवा बारा महिने गोळ्या न चुकता घ्याव्या. चट्ट्यास स्पर्श वा चुलीचा चटका कळेना, तर लागलीच दवाखाना गाठा. उशिराने बोटे वाकतात. या रोगावरून काडीमोड मागण्याची सोयही २०१९ च्या कायद्याने काढून टाकली. तेव्हा घरचे माणूस टाकू नका.