ट्रॅक्टरचें इंजिन : सकाळचीं पहिलीं पांच मिनिटें



नाशिक जिल्ह्यांतील निफाड तालुका द्राक्षांसाठीं जसा प्रसिद्ध आहे, तसाच तो थंडीसाठींही प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारींत उत्तरेकडून गार वारे वाहूं लागले म्हणजे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील तापमापकाचा पारा कित्येकदां ५ अंशांच्याही खालीं उतरतो, आणि दुसऱ्या दिवशीं तो आंकडा मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत झळकतो. शहरांतला वाचक तो वाचून शाल अंगाभोंवतीं ओढून घेतो. निफाडच्या बागाइतदाराला मात्र त्याच पहाटे शाल बाजूला ठेवून घराबाहेर पडावें लागतें. ऑक्टोबरांत छाटलेल्या वेलींवर या सुमारास घड भरत असतात. भुरीची किंवा केवड्याची शंका आली, तर फवारणी उद्यांवर टाकून चालत नाहीं. दंव ओसरण्यापूर्वींच औषधाची टाकी भरून ट्रॅक्टर बागेच्या तोंडाशीं उभा असावा लागतो. फवारणीचा ब्लोअर ओढावयाचा त्यानें, फिरवावयाचा त्यानें. आणि त्याचें इंजिन तर रात्रभर पत्र्याच्या शेडखालीं गारठून पडलेलें असतें.

अशा एका सकाळचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. मुंबईहून नाताळच्या सुटींत आलेला, कॉलेजांत शिकणारा भाचा शेडच्या दाराशीं उभा आहे. मामांनीं क्लच पुरता दाबला, किल्ली फिरविली. इंजिन दोनदां कण्हलें, मग धडधडून सुरू झालें आणि धुराड्यांतून पांढऱ्या धुराचा लोट निघाला.

“मामा, जरा रेस द्या ना, म्हणजे लगेच गरम होईल,” भाचा म्हणाला.

“नको रे बाबा. आधीं ऑईल तर वर चढूं दे.” मामांनीं ऑईलच्या दाबाच्या कांट्याकडे बोट दाखविलें.

दोन-तीन मिनिटें गेलीं. इंजिनाची खडखड कमी झाली. आतां हें असेंच चालूं ठेवून आपण न्याहारी करून येऊं, असें भाच्यानें सुचविलें, तों मामांचा दुसरा नकार आला, आणि तो पहिल्याइतकाच ठाम होता. घाई करूं नको, हें भाच्याला समजलें. पण थांबूंही नको, हें कांहीं केल्या समजेना. मामांनींही अधिक कांहीं सांगितलें नाहीं. ते ट्रॅक्टर घेऊन बागेकडे निघून गेले. त्यांच्या त्या दोन नकारांचीं कारणें समजून घेण्यासारखीं आहेत.

पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी असते. डीझेलच्या इंजिनांत ती मुळींच नसते. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड तापतें, हा अनुभव घरोघरच्या मुलांना आहे. हवा दाबली कीं तापते. डीझेल इंजिनांत पिस्टन हवेला तिच्या मूळ जागेच्या सुमारें १६ व्या ते १८ व्या हिश्श्यांत कोंडतो. त्या दाबानें ती ५०० अंशांच्याही वर तापते, आणि नोझलमधून डीझेलचा बारीक फवारा तिच्यांत उडतांच तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यानें (१८५८-१९१३) या तत्त्वाचा वर्षानुवर्षें पाठपुरावा केला, आणि १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें त्याच्या इंजिनाची यशस्वी परीक्षा झाली. आपल्याकडे १९४६ सालीं पुण्यांत किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली; मराठी शेतकऱ्याचा या यंत्राशीं घरोबा जुळला तो अशा विहिरीवरच्या इंजिनांमुळें. ट्रॅक्टर त्याच्या दारीं बराच मागाहून आला.

आतां असें पहा : ज्या यंत्रांत आग लागते ती केवळ हवेच्या उष्णतेनें, त्या यंत्राच्या भिंती गार असल्या तर काय होईल? दाबलेल्या हवेची उष्णता तें गारठलेलें लोखंडच शोषून घेईल. डीझेल पुरतें जळणार नाहीं. कांहीं भाग वाफ होऊन धुराड्यावाटे निघून जाईल. भाच्यानें पाहिलेला पांढरा धूर तो हाच. पण कांहीं भाग सिलिंडरच्या भिंतींवरून खालीं ओघळेल, आणि जातां जातां त्या भिंतींवरचा ऑईलचा पातळ थर धुऊन नेईल. पिस्टनच्या रिंगा ज्या थरावर घसरत असतात तोच नाहींसा झाला, म्हणजे लोखंडावर लोखंड घांसूं लागतें. एवढ्यानें भागत नाहीं. तें न जळलेलें डीझेल खालच्या चेंबरमध्यें उतरून तेथील ऑईलही पातळ करतें.

तशांत त्या ऑईलचीच सकाळची अवस्था बिकट असते. थंडींत खोबरेल तेलाची बाटली उन्हांत ठेवल्याशिवाय तिच्यांतून थेंब निघत नाहीं, हें गृहिणींना सांगावयास नको. इंजिनाचें ऑईल तसें गोठत नाहीं, पण घट्ट होतें. रात्रभरांत तें वरच्या भागांतून निथळून चेंबरमध्यें जमलेलें असतें. इंजिन सुरू झाल्यावर पंपानें तें उचलून क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत आणि माथ्यावरच्या व्हॉल्व्हांपर्यंत पोंचवावयाचें, यास कांहीं सेकंद लागतात. ते सेकंद इंजिनाच्या दृष्टीनें उपासाचे. त्या वेळीं रेस वाढविणें म्हणजे उपाशी बैलाला चढावावर दौडविणें होय. ज्या इंजिनाला टर्बो असतो त्याची तर अधिकच काळजी घ्यावी लागते. टर्बोचा दांडा भर कामांत मिनिटाला लाखभर फेरे घेतो, आणि त्याला आधार असतो तो याच ऑईलचा. इंजिन सुरू होऊन दहा-पंधरा सेकंद झाले तरी दाबाचा कांटा हलला नाहीं किंवा ऑईलचा दिवा विझला नाहीं, तर क्षणाचाही विचार न करतां इंजिन बंद करावें.

थंड इंजिन खडखडतें त्याचेंही एक कारण आहे. पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि लायनर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. म्हणून तापल्यानंतर बरोबर बसेल असा पिस्टन थंडपणीं किंचित् सैल ठेवावा लागतो. तो सैल असतांना त्याच्यावर नांगराचा भार टाकणें योग्य नव्हे, हें उघड आहे.

तेव्हां सकाळचा क्रम असा ठेवावा. क्लच दाबूनच सेल्फ मारावा, म्हणजे गिअरपेटींतलें घट्ट तेल घुसळण्याचा बोजा बॅटरीवर पडत नाहीं. थंडींत तिचाही जोर उतरलेला असतो. सेल्फ एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांपेक्षां अधिक ओढूं नये, आणि पुन्हां मारण्यापूर्वीं मिनिटभर दम खावा. इंजिन लागल्यावर अर्धा-एक मिनिट तें मंद ठेवावें; मग रेस थोडी चढवून हजार-बाराशें फेऱ्यांवर दोन-तीन मिनिटें चालूं द्यावें आणि हलक्या गिअरमध्यें, बिनभाराचें, निघावें. शेडपासून बागेपर्यंतचा रस्ता हेंच इंजिन तापविण्याचें उत्तम साधन आहे. त्या चालीनें गिअरचें आणि लिफ्टचें तेलही आपोआप ऊबदार होतें. उभ्या ट्रॅक्टरांत तें काम नीट होत नाहीं. पाण्याच्या उष्णतेचा कांटा हिरव्या पट्ट्यांत शिरला, कीं मग हवें तें काम त्याला सांगावें. निफाडच्या कडाक्यांत याला पांच-सात मिनिटें लागतील. कोंकणांत किंवा वैशाखांत त्याहून पुष्कळ कमी. कोणत्याही ट्रॅक्टराबरोबर आलेल्या पुस्तिकेंत याहून निराळें लिहिलें असेल, तर पुस्तिकेचें ऐकावें. ती बहुतेक घरीं ट्रंकेच्या तळाशीं पडलेली असते, ही गोष्ट वेगळी.

हवेच्या नळीशीं पेटता बोळा धरून इंजिन लावण्याची एक रीत कांहीं ठिकाणीं आढळते. ती सोडावी. राख आंत ओढली जाते, आणि शेजारींच डीझेलची टाकी असते.

आतां दुसरा नकार. मंद चालीवर इंजिन फार थोडें डीझेल घेतें, म्हणून उष्णताही फार थोडी होते. अशा चालीवर थंडींत अर्धा तास गेला तरी कांटा पुरता वर चढत नाहीं. म्हणजे ज्या अवस्थेंतून इंजिनाला लवकर बाहेर काढावयाचें, त्याच अवस्थेंत त्याला डांबून ठेवल्यासारखें होतें. अर्धवट जळलेल्या डीझेलची काजळी नोझलच्या टोंकांवर धरते. रिंगांच्या खांचांत चिकटा बसून त्या आखडतात. जळण्यांतून निघणारी पाण्याची वाफ गार चेंबरमध्यें निवून ऑईलमध्यें मिसळते. असें महिनोन्महिने चाललें, कीं धुराड्याच्या तोंडाशीं काळा ओलसर चिकटा दिसूं लागतो, आणि मग मालक तक्रार करतो कीं इंजिन ऑईल खातें. पूर्वीं डीझेलमधील गंधकामुळें त्या पाण्याचें आम्लही होई. एप्रिल २०२० पासून देशांत दहा लाख भागांत १० भागांहून अधिक गंधक नसलेलें डीझेल वाहनांसाठीं मिळूं लागलें, त्यामुळें ती भीति बरीच ओसरली आहे. पाण्याची भीति मात्र कायम आहे.

याच सदरांत आणखी एका चालीरीतीचा उल्लेख करावयास हवा. इंजिन ‘थंड राहावें’ म्हणून पाण्याच्या वाटेंतील थर्मोस्टॅट काढून फेंकून देण्याची संवय कित्येक मिस्त्र्यांना असते. इंजिन पुरतें तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारें पाणी अडवून धरणें, हेंच तर त्याचें काम. तो काढला, कीं हिंवाळ्यांत इंजिन दिवसभर अर्धवट गारच राहतें, आणि मालक समाधानांत असतो कीं कांटा कसा खालीं आहे!

शहरांतील श्रोत्यांना हा विषय परका वाटूं नये. त्यांच्या इमारतींच्या तळघरांत लिफ्टसाठीं डीझेलचें जनित्र असतें, आणि तें ‘चालूं स्थितींत आहे ना’ हें पाहण्यासाठीं दर आठवड्याला बिनभाराचें चालविण्यांत येतें. त्याचीही गत वर सांगितल्यासारखीच होते. तें चालवावयाचें तर थोडा वेळ खराखुरा भार देऊन, कांटा वर चढेपर्यंत चालवावें.

यंत्राच्या झिजेहून मोठी गोष्ट माणसाच्या जिवाची. थंडी वाजते म्हणून शेडचें दार लावून आंत इंजिन तापवीत ठेवणें अत्यंत धोक्याचें आहे. डीझेलचा धूर कर्करोगास कारण होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला. आणि कोंडलेल्या जागेंत तर त्याच धुरानें तासाभरांतही अनर्थ ओढवूं शकतो. कित्येक वाड्यांत ट्रॅक्टरच्या शेजारींच गोठा असतो आणि माळ्यावर पोरें निजलेलीं असतात. इंजिन लागतांच ट्रॅक्टर उघड्यावर घ्यावा. तसेंच, सेल्फ नीट लागत नाहीं म्हणून जमिनीवर उभें राहून स्टार्टरच्या टोंकांना पान्हा टेकवून इंजिन लावण्याचा प्रघात आहे. गिअर चुकून पडलेला असला, तर ट्रॅक्टर तत्क्षणीं पुढें झेपावतो, आणि लावणारा त्याच्या मोठ्या चाकापुढेंच उभा असतो. इंजिन लावावयाचें तें आसनावर बसून, गिअर न्यूट्रल पाहून आणि ब्रेक ओढून. तें तापत असतां आसनावर लहान मुलाला बसवून चहाला जाणारीं मोठीं माणसें गांवोगांव दिसतात.

संध्याकाळीं मामा फवारणी आटोपून परत आले. ट्रॅक्टर शेडपुढें उभा राहिला, परंतु त्यांनीं इंजिन लगेच बंद केलें नाहीं. भाच्यानें या खेपेस कांहीं सुचविलें नाहीं. सकाळीं ट्रंकेंतून शोधून काढलेली पुस्तिका त्यानें दुपारीं वाचली होती. टर्बो तापलेला असतां इंजिन एकदम थांबविलें, तर त्याला मिळणारें ऑईल खुंटतें आणि आंत राहिलेलें करपून कोळसा होतें, हें त्याला आतां ठाऊक होतें. त्यानें मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलें. दोन मिनिटें झाल्यावर मामा त्याच्याकडे वळले.

“काय रे, बंद करूं का?”

“आणखी एक मिनिट, मामा.”