गुरूवरील वादळांचे पहारेकरी

सूर्यमालेंतील सर्वांत प्रचंड ग्रह म्हणजे गुरु. त्याच्या पोटांत सुमारें १३०० पृथ्वीगोल मावतील. तरी १० तासांच्या आंतच तो स्वतःभोंवतीं एक फेरी पुरी करतो. त्याच्यावर आपल्यासारखी घट्ट जमीन नाहीं. आपणांस दिसतें तें केवळ ढगांचें आवरण. म्हणून तेथील वादळ जमिनीवर येऊन विरण्याचा प्रश्नच नाहीं. ‘मोठा तांबडा डाग’ हें वादळ पृथ्वीहूनहि रुंद असून १८७८ पासून त्याचें निरीक्षण सतत चालू आहे.

उलट कांहीं वादळें अवघ्या कांहीं तासांत उद्भवतात. जगांतील मोठ्या दुर्बिणी थोड्या आणि त्यांवर पाळी लावून बसलेले शास्त्रज्ञ पुष्कळ. रोज रात्रीं एकट्या गुरूवर नजर ठेवणें त्यांना परवडत नाहीं. ही उणीव हौशी निरीक्षक भरून काढतात. १८९० सालीं स्थापन झालेल्या ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे सभासद दुर्बिणीला डोळा लावून घड्याळ जवळ ठेवीत. डाग बिंबाच्या मध्यरेषेवर आला कीं नेमकें मिनिट टिपून घेत. अनेक रात्रींच्या अशा नोंदींवरून डाग किती सरकला तें कळे, व त्यावरून तेथील वाऱ्याचा वेग काढतां येई.

३१ मे २०२० च्या पहाटे दक्षिण आफ्रिकेंतील सेंच्युरियन येथें क्लाइड फॉस्टर हे हौशी निरीक्षक गुरूचीं चित्रें घेत होते. मिथेन वायु ज्या प्रकाशाचें शोषण करतो, तेवढाच प्रकाश आंत सोडणारी कांच त्यांनीं दुर्बिणीस लाविली होती. अशा कांचेंतून खोलवरचे ढग काळे दिसतात आणि उंच चढलेले चमकतात. तांबड्या डागाच्या आग्नेयेस त्यांना एक तेजस्वी ठिपका दिसला. दोनच दिवसांनीं, २ जूनला, ‘जुनो’ हें अमेरिकन यान गुरूजवळून जावयाचें होतें. त्या काळीं असा योग ५३ दिवसांतून एकदां येई. एका फेरींत त्यास ढगांचा अरुंद पट्टाच टिपतां येतो. पण सुदैवानें तो ठिपका त्याच्या टप्प्यांत आला. नवें वादळ ढगांच्या माथ्यावर उसळलें होतें. त्यास ‘क्लाइडचा डाग’ असें नांव पडलें.

पुढें २०२२ सालीं मिनेसोटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं ‘जुनो’चीं चित्रें सर्वसामान्य लोकांपुढें ठेविलीं. भोंवरा कोठें आहे व त्याचा रंग कोणता, एवढेंच सांगावयाचें. एकाची नजर चुकेल म्हणून एकच चित्र अनेकांना दाखवीत. हजारों स्वयंसेवकांच्या या श्रमांतून ७००० हून अधिक भोंवऱ्यांची यादी तयार झाली.

फॉस्टर यांच्या आधीं कांहीं तास ऑस्ट्रेलियांतील निरीक्षकांनींहि गुरूचीं चित्रें घेतलीं होतीं. त्यांत तो ठिपका नव्हता. त्यांचें जागरण मात्र वायां गेलें नाहीं. ज्यानें डाग पाहिला, त्याचें नांव डागास मिळालें. ज्यांना तो दिसला नाहीं, त्यांच्या नोंदींमुळें त्याची जन्मवेळ कळली.