होडींतील तांब्याची पट्टी
(महोत्सवानिमित्त तरुण कारागिरांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्या जिल्ह्याला समुद्राचें दर्शन नाहीं आणि जेथें उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते, तेथें होडीच्या वीजकामावर व्याख्यान द्यावें हें पुष्कळांस विचित्र वाटेल. परंतु परंड्याकडील सीना-कोळेगांव, माकणीचें निम्न तेरणा आणि नळदुर्गाजवळचें बोरी ह्या धरणांच्या पाण्यावर आपल्याकडेही होड्या असतात. शिवाय वीजकाम शिकलेला तरुण पोटामागें वसई, अर्नाळा, उत्तन अशा किनाऱ्याच्या गांवीं गेला, तर त्याच्या हातीं मासेमारीची बोट येणारच. त्या बोटींवर आपले कित्येक धर्मबंधु खोल समुद्रांत दिवसचे दिवस काढतात. भर समुद्रांत विजेच्या सांध्यानें पेट घेतला तर पळून जावयास तेथें अंगण नसतें.

अशा बोटीवर आज काय काय असतें तें पाहा. दिवे, तळांत सांचलेलें पाणी उपसणारा पंप, बिनतारी यंत्र, दिशा दाखविणारें जी. पी. एस., माशांचा थवा दाखविणारें यंत्र, आणि कोठें कोठें इन्व्हर्टरही. हें सर्व बारा किंवा चोवीस व्होल्टच्या बॅटरीवर चालतें. प्रत्येकाची तार बॅटरीच्याच खुंटावर गुंडाळूं लागलें तर तेथें तारांचें भेंडोळें होतें, आणि त्यांतील कोणती तार सैल आहे हें शोधण्यास अंधारांत दिवाही पुरत नाहीं. म्हणून बॅटरीपासून एक जाड तार आणून ती तांब्याच्या एका पट्टीस जोडावयाची, आणि तेथून सर्वांस वांटा द्यावयाचा. हिलाच बसबार म्हणतात. ह्यांतील ‘बस’ हा शब्द ‘ओम्निबुस’ ह्या लॅटिन शब्दाचा शेवटचा तुकडा आहे. जुन्या पिढीनें पापकबुलीच्या लॅटिन प्रार्थनेंत हा शब्द उच्चारलेला आहे. त्याचा अर्थ ‘सर्वांकरितां’. सर्वांकरितां असलेली वस्तु बिघडली म्हणजे सर्वांचेंच बिघडतें, एवढें त्या नांवावरूनच ध्यानांत यावें.

आतां निवड. नळदुर्गचा पाणीमहाल आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ सालीं, तो बांधला गेला. पावसाळ्यांत नर आणि मादी ह्या दोन सांडव्यांवरून बोरीचें पाणी कोसळत असतें आणि आंतल्या दालनांत मनुष्य कोरडा उभा राहूं शकतो. बांधणाऱ्यानें माप घेतलें तें महापुराचें, वैशाखांतील धारेचें नव्हे. बसबारही तसाच निवडावा. हजार वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर बारा व्होल्टला सुमारें ९५ अँपियर ओढतो. पंपाचे १५, दिव्यांचे १० आणि यंत्रांचे १० धरले तर बेरीज १३० होते. ‘हीं सर्व एकदम कोण लावतो?’ असें मालक म्हणेल. वादळाच्या रात्रीं तोच लावील.

तांब्याच्या पट्टीचा जुना ठोकताळा असा कीं, एका चौरस इंचाला हजार अँपियर, म्हणजे चौरस मिलिमीटरला सुमारें दीड. २५ मिलिमीटर रुंद व ६ मिलिमीटर जाड पट्टीचा छेद १५० चौरस मिलिमीटर भरतो; त्यावरून ती सव्वादोनशें अँपियर वाहील असें वाटतें. पण तींत आठ मिलिमीटरच्या बोल्टसाठीं भोंक पाडलें कीं त्या जागीं १०२ च उरतात. सावध कारागिरानें हिशेब १०२ चा धरावा, म्हणजे सुमारें १५० अँपियर. आपल्या १३० ला तें पुरेसें आहे. मात्र इंजिन सुरू करणारी मोटर क्षणभर शेंकडों अँपियर ओढते. तिची जाड तार बॅटरीपासून स्वतंत्रच न्यावी.

बाजारांत पिवळी पट्टी स्वस्त मिळते. ती पितळेची असते, आणि साधारण पितळ तांब्याच्या चौथ्या हिश्शाहून थोडीशीच अधिक वीज वाहतें. स्टेनलेस पोलाद तर शंभरांत दोन-तीन हिस्सेच. बोल्ट स्टेनलेसचा चालेल, कारण त्याचें काम दाबून धरण्याचें. वीज मात्र थिंबलांतून थेट तांब्यांत उतरली पाहिजे. म्हणून थिंबल आणि पट्टी ह्यांच्यामध्यें वॉशर कधींही घालूं नये. वॉशर वर, नटाखालीं. ही चूक मीं इतक्या ठिकाणीं पाहिली आहे कीं, हा नियम भिंतीवर रंगवून ठेवावा असें वाटतें.

समुद्रावर नुसतें तांबेंही टिकत नाहीं. खाऱ्या हवेनें त्यावर हिरवा जंगाल चढतो. आपल्या आयाबहिणी तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई कां करवीत, हें येथें आठवावें. बोटीची पट्टी, थिंबलें आणि तारेचे आंतील धागे, सर्व कल्हई केलेलेच घ्यावे. धरणाच्या गोड्या पाण्यावर हा त्रास पुष्कळच कमी.

आतां ज्या गोष्टीसाठीं मी उभा राहिलों तिच्याकडे वळतों. लोक म्हणतात, ‘बारा व्होल्टला काय भ्यावयाचें? हात लावला तरी झटका बसत नाहीं.’ झटका बसत नाहीं हें साधारणपणें खरें. पण आग झटक्यानें लागत नाहीं, उष्णतेनें लागते. समजा, एक नट थोडा सैल राहिला आणि त्या सांध्याचा विरोध ओहमचा केवळ शंभरावा हिस्सा झाला. त्यांतून शंभर अँपियर गेले तर शंभराचा शंभरानें गुणाकार, आणि त्याचा शंभरावा हिस्सा, म्हणजे त्या एका टिंबावर १०० वॉट उष्णता! डाग देण्याची साधी विजेची सळई ह्याहून कमी वॉटांवर कथील वितळविते. आणि ह्या सर्व वेळांत फ्यूज स्वस्थ बसून असतो, कारण वीज शंभर अँपियरच जात आहे, अधिक नाहीं. फ्यूज तारेचा राखणदार आहे. सैल नट त्याला दिसत नाहीं. तेथें कारागिराची मनगटाची आणि मनाची घट्टताच कामास येते.

म्हणून थिंबल हातोडीनें ठोकून बसवूं नये. त्याच्या मापाच्या क्रिंपिंगच्या हत्यारानेंच दाबावें. एका खुंटावर चारांहून अधिक थिंबलें नकोत, आणि सर्वांत जाड तारेचें थिंबल पट्टीला लागून सर्वांत खालीं असावें. इंजिनाच्या थरथराटानें नट सुटतो, यास्तव स्प्रिंग वॉशर किंवा नायलॉनचा नट वापरावा, आणि बनविणाराने सांगितलेल्या मापानें, टॉर्क पान्यानें आवळावा. फार आवळल्यानें आटे मरतात, तेंही वाईटच.

बॅटरीच्या धन खुंटापासून निघणाऱ्या मुख्य तारेवर फ्यूज हवाच. अमेरिकेंतील बोटींच्या नियमांत हें अंतर साधारणपणें सात इंचांच्या आंत सांगितलें आहे. लिथियमची बॅटरी असेल तर तिच्या प्रचंड प्रवाहाला तोडूं शकेल असाच फ्यूज लागतो. धन पट्टीवर झांकण असावें, कारण तिच्यावर आणि इंजिनाच्या लोखंडावर मिळून पाना पडला तर तो लाल होऊन चिकटतो. ऋण पट्टीही तितकीच जाड हवी. गेलेली सर्व वीज तिच्यातूनच परत येते, तरी पुष्कळ ठिकाणीं ती बारीक घातलेली आढळते. दोन्ही पट्ट्या तळाच्या पाण्यापासून उंच, वीज न वाहणाऱ्या बैठकीवर बसवाव्या. बॅटरीच्या पेटींत मात्र त्या बसवूं नयेत: शिसे-आम्लाच्या बॅटरींतून हायड्रोजन निघतो, हवेंत तो शेंकडा चार झाला कीं ठिणगीनें पेटूं शकतो.

केरळांत वैकम येथें २०१७ पासून सूर्यशक्तीवर चालणारी ‘आदित्य’ नांवाची प्रवासी बोट सुरू झाली. आपल्या धरणांवर ऊन कांहीं कमी नाहीं. उद्यां येथेंही तशी होडी आली, तर तिचें काम परगांवच्या माणसानें कां करावें?

काम संपल्यावर सर्व भार चालू करून मल्टिमीटरानें प्रत्येक सांध्याच्या दोन बाजूंमधील व्होल्ट मोजावे. चांगल्या सांध्यावर ते हजारांशांतच राहतात. शेजारच्या सांध्याहून एखादा पुष्कळ अधिक दाखवूं लागला तर तो उघडून, घांसून पुन्हां बसवावा. मग वर्षांतून एकदां तीच तपासणी. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि बोटी ओढून ठेवलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत प्रथम ऋण तार सोडावी, मग धन, आणि प्रत्येक नटाला पाना लावावा. जोडतांना प्रथम धन, शेवटीं ऋण.