हादरे ट्रॅक्टरचे, कंबर आपल्या माणसाची
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)



आज गटाच्या वहीत कधीच न दिसणाऱ्या एका खर्चाबद्दल बोलायचंय. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरी ट्रॅक्टर आहे, नाहीतर मालक किंवा पोरगा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. गळीत हंगाम लागला की कराड, वाळवा, पलूसकडं रात्रंदिवस उसाच्या खेपा चालतात. मग घरात मलम येतं, गोळ्या येतात, कमरेचा पट्टा येतो. आपण म्हणतो, वय झालं. पोरगा तिशीतला असला तरी!

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना मोटारीसारखे पाटे किंवा स्प्रिंगा नसतात. पाणंदीतला खड्डा सरळ मणक्यापर्यंत येतो, मधे काय ते टायर आणि सीट. हादऱ्याचं गणितही बघा. हादरा निम्म्यावर आणला, तर तेवढाच त्रास व्हायला चौपट वेळ लागतो. उसाचे पैसे टनावर मिळतात, खेप चुकवणं कुणाला परवडत नाही. म्हणून "कमी चालवा" म्हणण्यापेक्षा हादरा कमी करायचा.

पहिलं सीट. बऱ्याच ट्रॅक्टरच्या सीटला वजनाप्रमाणे स्प्रिंग कमी-जास्त करायची खुंटी किंवा दांडा असतो. ट्रॅक्टर घेतल्यापासून त्याला कुणी हातच लावलेला नसतो. बाप नव्वद किलोचा, लेक पंचावन्नचा, आणि सीट दोघांना एकच! बसल्यावर सीट पार खाली टेकायला नको आणि वरच ताठही राहायला नको. फोम दबला असेल तर वर पोतं घालून भागत नाही, नवा बसवा.

दुसरं वेग. रिकामी ट्रॉली घेऊन परत येताना गाडी जास्त पळवतात आणि दणकेही तेव्हाच जास्त बसतात. माण-खटाव, जतच्या दगडी वाटांवर तर विचारूच नका. टायरमधली हवा शेतासाठी वेगळी, भरल्या ट्रॉलीसाठी वेगळी. किती ते ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतं. रोटर मारताना सारखं वळून मागं बघावं लागतं, पिळलेल्या कमरेला हादरा जास्त जाचतो. मोठा आरसा लावून घ्या. आणि सीटवरून खाली उडी नको, लगेच पोतं उचलणंही नको.

आता आपलं. मडगार्डवर बसून शेतावर जाणं बंद. पडायची भीती आहेच, शिवाय ती जागा अगदी चाकावरच. पोटुशी बाई असेल तर तिला ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसवूच नका.

पायाला मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल, तर डॉक्टरला दाखवा. लघवीवरचा ताबा गेला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.

टायरसाठी, हप्त्यासाठी गटातून कर्ज मागितलं जातं. सीटसाठी कुणी मागितलेलं मी अजून ऐकलं नाही. पण मागितलं तर नाही म्हणू नका, टायरइतकंच ते धंद्याचं काम आहे. पुढच्या बैठकीला येताना घरच्या ट्रॅक्टरचं एवढं बघून या: सीटची खुंटी फिरते, की गंजून बसलीय?